छप्पन्याचा काळ आणि जयपूरचा निधी

मराठी भाषा दुष्काळाचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार मानते. राजपुतान्यातील लोकव्यवहाराने अवर्षणाचीच प्रतवारी केली. धान्य गेले तर अन्नाचा काळ, पाणी आटले तर जलकाळ, चारा संपला तर तृणकाळ. आणि तिन्ही एकदम ओढवले तर त्रिकाळ. विक्रम संवत 1956 मध्ये, म्हणजे इ. स. 1899-1900 या वर्षी, असा त्रिकाळ पडला आणि ‘छपनियो’ हे संवत्सराचे नावच त्या भाषेत उपासमारीचे नाव होऊन बसले.

चाऱ्याने दगा दिला की गुरे हाकत माळव्याकडे जायचे, ही मारवाडची जुनी रीत. पाऊस पडताच परत फिरण्याच्या बोलीवर केलेला तो मुक्काम असे. 1899 मध्ये माळव्यातही पाऊस दगावला. गुरे मेली आणि माणसे परमुलखात निराधार झाली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर खालसा मुलखात फॅमिन कोड तयार झाले होते. दुष्काळी कामे, मजुरीचे दर, कामास असमर्थ असणाऱ्यांना अन्न, सारे त्यांत लिहिलेले होते. पण ही व्यवस्था आपापल्या हद्दीच्या हिशेबाने चाले. संस्थानातून आलेले कुटुंब कोणाच्या वहीत मांडायचे? त्याला माघारी धाडावे, याकडेच प्रशासनाचा कल असे.

जयपुरात दुष्काळी मदतीची परंपरा होती. सवाई रामसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, 1868 साली, रामनिवास बागेचे काम दुष्काळग्रस्तांच्या हातांना मजुरी मिळावी म्हणून काढण्यात आले. बागेत फिरणाऱ्याला याची आता कल्पनाही येत नाही. त्यांचे वारस सवाई माधोसिंह (दुसरे) यांनी 1900 मध्ये निराळी वाट धरली. 15 लाख रुपये देऊन त्यांनी ‘इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट’चा पाया घातला. मुद्दल कायम राखायचे, उत्पन्न मदतीला लावायचे, आणि ही मदत जयपूरच्या प्रजेपुरती न ठेवता हिंदुस्थानातील दुष्काळी मुलखांना खुली करायची, अशी ही योजना. माधोसिंहांनी 1902 मध्ये विलायतेला गंगाजल नेले, त्यासाठीच्या चांदीच्या अवाढव्य घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये प्रवाशांना दाखवतात. निधी दाखवता येत नाही. त्यामुळे या राजाचे लोकमानसातील चित्र एकांगी राहिले, असेच म्हणावे लागते.

अर्थात हे अखेर दानच होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1877 मध्ये मजुरीकपातीने गांजलेल्या दुष्काळी मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. 1896-97 मध्ये फॅमिन कोडातील तरतुदी रयतेला समजावून दिल्या. तेथे मदत हा हक्क ठरू लागला होता, आणि त्याची किंमत म्हणून 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. जयपूरच्या निधीत घेणाऱ्याला असा आवाज नाही. परंतु हक्काची भाषा तेव्हा खालसा मुलखाच्या वेशीपाशी थांबत होती. संस्थानी प्रजेला दाद मागण्यासाठी कोणताच कोड हाताशी नव्हता. ती वेस निदान कागदावर तरी या दानाने ओलांडली, हे त्याचे महत्त्व हक्काच्या पक्षपात्यांनीही मान्य करायला हवे.

1900 चा पाऊस चांगला झाला. परतणाऱ्या कुटुंबांना आता शिध्याइतकीच बैलांची आणि बियाण्याची गरज होती. पण उन्हाळ्यात पटकीने आणि पावसाळ्यानंतर हिवतापाने उपासाने खंगलेली माणसे पटापट नेली. 1901 च्या शिरगणतीत राजपुतान्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या मानाने सुमारे एक पंचमांशाने घटलेली आढळली.