अरण्ययुद्ध आणि वन्यप्राणी (भोपाळ व मध्य भारत)

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात लढायला निघालेल्या फौजांपैकी अनेकांचे रानातले शिक्षण भोपाळच्या दोन बाजूंना झाले : ईशान्येला सागर, आग्नेयेला छिंदवाडा. छिंदवाडा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले.

ब्रह्मदेशातील आराकानच्या मोहिमेत (१९४२–४३) पोळलेली १४ वी हिंदी डिव्हिजन १९४३ मध्ये सैनिकांना प्रशिक्षण देण्यासाठी छिंदवाड्याला आणली गेली. पुढच्या वर्षी जिम कॉर्बेट तेथे शिकवायला आले. वय अडुसष्ट, हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा. नरभक्षकांचा शिकारी म्हणून त्यांची ख्याती असली, तरी सैनिकांना द्यायचे होते ते रानाचे कान आणि डोळे. माग किती ताजा, रानातले काय खाण्याजोगे, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे नेम धरण्याआधी यावे लागते. वानर खाकरले, भेकर भुंकले, टिटवी उठली, तर कोणीतरी हलले आहे. तो वाघ असेल किंवा शत्रूची गस्त. जनावर इथे वैरी नव्हे, खबऱ्या. सुमारे वर्षभराने हिवतापाने कॉर्बेट यांनाच घरी धाडले.

खरा घात बारीक जीवांनी केला. १९४३ मध्ये जखमेमुळे मागे पाठवलेल्या दर सैनिकामागे १२० जण आजाराने पाठवावे लागले, असे ब्रह्मदेशच्या मोहिमेतले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी नोंदवले आहे. हिवताप आणि आमांश होतेच. शिवाय गोचिडीच्या जातकुळीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस. जळवा जीव घेत नसत, पण त्यांच्या जखमा चिघळत.

सागर भागात १९४२ च्या पावसाळ्यात ब्रिटिश सेनाधिकारी ऑर्ड विंगेट यांची ७७ वी ब्रिगेड तयार झाली. तिचे ‘चिंडिट’ हे नाव ब्रह्मी देवळांच्या दारातल्या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यावरून पडले; ओझे मात्र खेचरांनी वाहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचे सुमारे तीन हजार जण ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला गेले. रसद आटली तेव्हा त्यांनी तीच खेचरे मारून खाल्ली. १९४४ च्या मोहिमेआधी खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, कारण एका ओरडण्याने अख्खी तुकडी उघडी पडली असती. या मुक्या जनावरांची दखल युद्धेतिहासात फारच त्रोटक येते.

त्यामानाने ब्रह्मदेशच्या किनाऱ्यालगतच्या रामरी बेटावर (१९४५) मगरींनी शेकडो जपानी सैनिक खाल्ल्याची कथा पुस्तकापुस्तकांतून फिरते. अनेक अभ्यासक ती अतिरंजित मानतात. तहान, भूक, बुडणे आणि गोळीबार यांनीच तिथले बहुतेक बळी घेतले असावेत.