मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा आश्रय आणि अर्थसाहाय्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असे म्हणतात. हे स्वातंत्र्य परवान्यामुळे मिळते. परंतु कोड साठविण्यासाठी, त्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांना एकत्र काम करता यावे यासाठी जागा लागते. तिचा खर्च परवाना भागवीत नाही. तो कोणी व कोणत्या अटींवर उचलला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बिटकीपर ते गिट :
इ.स. २००२ मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासासाठी बिटमूव्हर या कंपनीची बिटकीपर प्रणाली स्वीकारण्यात आली. ती विनामूल्य होती. मात्र तिचा वापर करणाऱ्याने स्पर्धक प्रणालीवर काम करू नये, अशी अट होती. २००५ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी संवाद साधणारे मुक्त साधन तयार करण्याचा प्रयत्न केला. त्यावरून वाद होऊन कंपनीने विनामूल्य आवृत्ती मागे घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट ही प्रणाली लिहावयास घेतली आणि जूनमधील २.६.१२ ही कर्नलची आवृत्ती गिटच्या आधारे सिद्ध झाली. गिटमध्ये प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो. त्यामुळे एका मालकावरील अवलंबित्व संपेल, अशी अपेक्षा होती.

आश्रयदात्यांचे बदलते धोरण :
१९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज हे अशा प्रकल्पांचे पहिले मोठे आश्रयस्थान होय. पुढे उत्पन्नासाठी तेथील काही प्रकल्पांच्या डाउनलोडसोबत जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडले जाऊ लागले. २०१५ मध्ये गिंप प्रकल्पाने याविरुद्ध जाहीर तक्रार केली. गूगल कोड ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली व जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. दरम्यान २००८ मध्ये स्थापन झालेल्या गिटहबकडे बहुसंख्य प्रकल्प वळले. ही कंपनी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापारी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. इराणपुरत्या त्या २०२१ मध्ये उठल्या. कोड मुक्त होता, परंतु त्याचे दार दुसऱ्याच्या हाती होते.

अर्थसाहाय्याचा प्रश्न :
हे प्रकल्प स्वतःची जागा का उभारीत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या आर्थिक स्थितीत सापडते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघड झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता या प्रकल्पावर अवलंबून असताना त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच होत्या. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांच्या साहाय्याने निधी उभारला. २०१९ मध्ये गिटहबने वैयक्तिक देणग्यांची योजना सुरू केली. म्हणजे ज्या घरात प्रकल्पाचा निवास, त्याच घरातून त्याचा निधी येऊ लागला.

निष्कर्ष :
उपरोक्त घटनांवरून असे दिसते की, कोड एका जागेहून दुसरीकडे नेणे सोपे आहे. त्याभोवतीचा संसार नेणे कठीण आहे. दोषांच्या नोंदी, चर्चा आणि सहकाऱ्यांचे परस्परसंबंध गिटच्या प्रतीत येत नाहीत. विनामूल्य आश्रयाची किंमत माफ झालेली नसते, ती केवळ पुढे ढकललेली असते. फ्रान्समधील सॉफ्टवेअर हेरिटेज (२०१६) हे संग्रहालय, बर्लिनमधील कोडबर्ग (२०१८) ही सभासदांची संस्था आणि जर्मन शासनाचा सॉव्हरिन टेक फंड (२०२२) हे वेगळ्या वाटेचे प्रयत्न होत. त्यांचा आवाका लहान असला तरी सार्वजनिक उपयोगाच्या वस्तूचा भार सार्वजनिक रीतीने उचलावा, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य टिकवावयाचे असल्यास या तत्त्वास पर्याय नाही.