हरला तो बाहेर : बुद्धिबळातील बाद पद्धतीचा इतिहास, लंडन १८५१ ते बटुमी २०२५

१/
२८ जुलै २०२५. काळ्या समुद्राकाठचे जॉर्जियातील बटुमी शहर. महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला नमवले. स्पर्धेला आली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. परतली ती विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब, दोन्ही घेऊन.

२/
हे घडले त्यात दिव्याच्या खेळाचा वाटा मोठा आहेच. पण स्पर्धेच्या रचनेचाही आहे. ही रचना म्हणजे बाद पद्धत. बुद्धिबळाने ती एकदा स्वीकारली, अन्यायकारक म्हणून टाकून दिली आणि शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा जवळ केली. असे का झाले, याचा हा धागा.

३/
आधी थोडे गणित. बटुमीत १०७ खेळाडू होत्या. साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घालून, ही स्पर्धा खेळवायची तर ५,६७१ डाव लागले असते आणि एकेका खेळाडूला १०६ डाव खेळावे लागले असते. बाद पद्धतीत १०७ जणींमधून एक विजेती निवडायला १०६ लढती पुरतात, कारण प्रत्येक लढतीत एकीचा निरोप ठरलेला असतो.

४/
म्हणजे साखळी पद्धत अचूक, पण मोजक्यांनाच सामावणारी. बाद पद्धत शेकडोंना सामावते; मात्र एका वाईट दिवसाची शिक्षा थेट घरची वाट. बुद्धिबळ स्पर्धांचा इतिहास बराचसा या दोन टोकांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

५/
ही ओढाताण पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसते. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्याचे निमित्त साधून हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने युरोपातील नामवंतांना निमंत्रणे धाडली. १६ खेळाडू जमले आणि स्पर्धा बाद पद्धतीने खेळवण्यात आली.

६/
जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. कोण बलवान, कोण दुबळा याचा विचार नाही. पहिल्या फेरीत अॅडॉल्फ अँडरसन आणि लायोनेल किझेरित्स्की हे दोन मातब्बर समोरासमोर आले आणि किझेरित्स्की तिथेच बाद झाला. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये हे दोघे एक मैत्रीपूर्ण डावही खेळले. ‘अमर डाव’ या नावाने तो आजही जगभर शिकवला जातो.

७/
अँडरसन हा ब्रेस्लाऊचा गणिताचा शिक्षक. त्याने उपांत्य फेरीत खुद्द आयोजक स्टाँटनला हरवले आणि स्पर्धा जिंकली. दुसरा आला मार्मड्यूक विव्हिल. विव्हिल दुबळा नव्हता. पण तो त्या काळचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू होता, असेही कोणी मानले नाही. चिठ्ठ्यांनी त्याची वाट सोपी केली होती. विजेता योग्य, क्रमवारी मात्र संशयास्पद, हा आक्षेप बाद पद्धतीवर तेव्हापासूनचा आहे.

८/
या अनुभवातून धडा घेऊन १८६२ ची लंडन स्पर्धा साखळी पद्धतीने झाली. ती पुन्हा अँडरसननेच जिंकली. पुढे मोठ्या स्पर्धांमध्ये साखळी पद्धतच प्रतिष्ठेची ठरली. निमंत्रित मूठभर, सामने भरपूर, निकाल भरवशाचा. निमंत्रण न मिळालेल्याने मात्र बाहेर उभे राहून पाहायचे.

९/
साखळी पद्धतीचा दोष उघड झाला तो शंभर वर्षांनी. १९६२ मध्ये कुरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. ती संपल्यावर अमेरिकेच्या बॉबी फिशरने जाहीर आरोप केला की, सोव्हिएत खेळाडू आपसात झटपट बरोबरी करून श्रम वाचवतात आणि सगळा जोर परक्यांविरुद्ध लावतात.

१०/
फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, या आरोपाची दखल घेतली. १९६५ पासून आव्हानवीर निवडण्यासाठी आठ खेळाडूंमध्ये थेट लढती सुरू झाल्या. समोरासमोरच्या लढतीत तिसऱ्याच्या फायद्यासाठी संगनमत करायला जागा उरत नाही. एका अन्यायासाठी हद्दपार झालेली बाद पद्धत दुसऱ्या अन्यायावरचा उतारा म्हणून परतली. फक्त तिचे दार अजून आठ जणांपुरतेच उघडे होते.

११/
ते सताड उघडले १९९७ मध्ये. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे फिडेने जगज्जेतेपदासाठी प्रचंड मोठी बाद फेरी भरवली. विश्वनाथन आनंद ती जिंकला. पण तेवढ्यावर तो जगज्जेता झाला नाही. अनातोली कार्पोव्हला थेट अंतिम लढतीत जागा दिली होती. दमलेल्या आनंदला लगेच जानेवारी १९९८ मध्ये लोझान येथे ताज्यातवान्या कार्पोव्हशी खेळावे लागले आणि तो टायब्रेकमध्ये हरला.

१२/
२००० मध्ये ती सवलत उरली नव्हती. नवी दिल्लीत सुरू होऊन तेहरानमध्ये संपलेल्या बाद फेरीत आनंदने अॅलेक्सी शिरॉव्हला हरवले आणि तो भारताचा पहिला जगज्जेता ठरला. पुढील विजेते मात्र अनपेक्षित होते. २००४ मध्ये त्रिपोलीत उझबेकिस्तानचा रुस्तम कासिमजानोव जिंकला, तेव्हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला गेला : हा सर्वांत बलवान आहे, की फक्त शेवटपर्यंत टिकलेला?

१३/
यावर तोडगा निघाला तो मध्यममार्गाचा. जगज्जेतेपद बाद फेरीतून काढून घेतले गेले. २००५ पासून विश्वचषक ही आव्हानवीरांच्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणारी बाद फेरी झाली. मुकुट मोठ्या लढतीतून, पण मुकुटाच्या वाटेवर येण्याची संधी अनेकांना, अशी ही वाटणी.

१४/
महिलांच्या वाट्याला ही वाटणी उशिरा आली. २००० ते २०१८ या काळात महिलांचे जगज्जेतेपद वारंवार बाद फेरीतूनच ठरत होते. त्याची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली, त्यांत कोनेरू हम्पीचे नाव घ्यावे लागेल. २००४, २००८ आणि २०१० अशा तिन्ही वेळा ती उपांत्य फेरीत थांबली. हरिका द्रोणावल्लीही तीनदा उपांत्य फेरीतूनच परतली.

१५/
हम्पीला जगज्जेतेपदाची लढत मिळाली ती २०११ मध्ये, तिराना येथे, हू यिफानविरुद्ध. तिथवर ती ग्रां प्री मालिकेतून पोहोचली होती, म्हणजे अनेक स्पर्धांमधील सातत्याच्या बळावर. बाद पद्धत सातत्याची कदर करत नाही, याचे याहून बोलके उदाहरण भारतीय बुद्धिबळात नाही.

१६/
पण दार रुंद असून भागत नाही. ते कोणासाठी उघडे आहे, हेही पाहावे लागते. इथे महाराष्ट्राचा इतिहास आठवायला हवा. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी १९७० च्या दशकात भारतीय महिला बुद्धिबळावर अधिराज्य गाजवले. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. जयश्री पुढे भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली.

१७/
१९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली आणि वादळ उठले. पुरुषांच्या पटावर मुलगी कशी, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अखेर फिडेचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. पटावर बसण्याचा हक्क आधी पटाबाहेर जिंकावा लागला होता.

१८/
रोहिणीच्या त्या प्रवेशानंतर २९ वर्षांनी, ९ डिसेंबर २००५ रोजी, नागपुरात एका डॉक्टर दाम्पत्याच्या घरी दिव्याचा जन्म झाला. २०२३ मध्ये ती आशियाई विजेती, २०२४ मध्ये जागतिक कनिष्ठ मुलींची विजेती ठरली. त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकले, त्यात तिचे वैयक्तिक सुवर्णही होते. ग्रँडमास्टर किताब मात्र दूर होता.

१९/
कारण त्याची नेहमीची वाट लांब आणि खर्चिक आहे. ठरावीक संख्येने ग्रँडमास्टर आणि परदेशी प्रतिस्पर्धी असलेल्या स्पर्धेत २६०० गुणांकनाच्या तोडीची कामगिरी केली की एक नॉर्म मिळतो. असे तीन नॉर्म हवेत आणि गुणांकन २५०० ला एकदा तरी टेकायला हवे. त्यासाठी भारतीय मुले वर्षानुवर्षे युरोपच्या वाऱ्या करतात. महिला विश्वचषक जिंकणारीला मात्र हा किताब थेट मिळतो.

२०/
बटुमीत दिव्याला १५ वे मानांकन होते. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. मग जॉर्जियाची केसारिया म्गेलाद्झे आणि सर्बियाची तेओडोरा इंजाक यांना तिने मागे टाकले. चौथ्या फेरीत दुसरी मानांकित झू जिनेर समोर आली; ती टायब्रेकमध्ये हरली. उपांत्यपूर्व फेरीत हरिकाला टायब्रेकमधील दोन्ही डावांत हरवून दिव्याने उपांत्य फेरी गाठली.

२१/
तिथे होती टॅन झोंगयी. २०१७ मध्ये तेहरानच्या बाद फेरीतूनच ती जगज्जेती झाली होती, आणि त्या वेळी उपांत्य फेरीत तिने हरवले होते हरिकाला. म्हणजे या पद्धतीची ती जुनी जाणकार. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा १०१ चालींपर्यंत चालला आणि तो दिव्याने जिंकला.

२२/
अंतिम फेरीत दोन भारतीय. हम्पी २००२ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात घड्याळाच्या दडपणाखाली हम्पी चुकली आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या २.५–१.५ अशी जिंकली. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर आणि हम्पी, हरिका, वैशालीनंतरची चौथी महिला ग्रँडमास्टर.

२३/
हा योगायोग होता का? चिठ्ठ्यांनी सोपी केलेली वाट ही नव्हती. दुसरी मानांकित, माजी जगज्जेती आणि दोन वेळची जागतिक जलद विजेती, अशा तिघी या वाटेवर होत्या. शिवाय सहापैकी तीन लढती टायब्रेकपर्यंत गेल्या. १८५१ च्या विव्हिलवर घेतलेला आक्षेप इथे लागू होत नाही.

२४/
पण बाद पद्धत कोणाचीच सगी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात खुल्या गटाचा विश्वचषक झाला. २००२ च्या हैदराबादनंतर प्रथमच तो भारतात आला होता आणि चषकाला विश्वनाथन आनंदचे नाव होते. २०६ खेळाडूंमध्ये दिव्याही होती. ग्रीसच्या स्टामाटिस कुरकुलोस-आर्डिटिसने तिला पहिल्याच फेरीत २–० असे बाद केले. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत, प्रज्ञानंद चौथ्या फेरीत थांबला.

२५/
ती स्पर्धा जिंकली उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने. टायब्रेकमध्ये चीनच्या वेइ यीला हरवून तो विश्वचषकाचा सर्वांत तरुण विजेता ठरला. वय १९, बटुमीतील दिव्याइतकेच. चार महिन्यांत एकाच पद्धतीने एकोणीस वर्षांच्या दोघांना शिखरावर नेले आणि त्याच पद्धतीने जगज्जेत्याला मधूनच परत पाठवले.

२६/
आता हा इतिहास जिल्ह्याच्या पातळीवर आणून पाहावा. शालेय क्रीडा स्पर्धांत बुलढाणा जिल्ह्यातील मुलीला आधी जिल्हा, मग अमरावती विभाग आणि त्यानंतर राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर मोजकेच पुढे जातात. स्पर्धेचे नाव काहीही असो, मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या खेळाडूसाठी सारी व्यवस्थाच बाद फेरीसारखी असते. फरक एवढाच की, तिथे कधीकधी पराभवाचे कारण पट नसतो. प्रवासखर्च, प्रशिक्षक किंवा सरावाला जोडीदार नसणे, हे असते.

२७/
म्हणून बाद पद्धतीचे मूल्यमापन दोन मापांनी करावे लागते. सर्वांत बलवान कोण, हे ठरवायला ती अपुरी आहे. १८५१ चे लंडन आणि हम्पीच्या हुकलेल्या तीन संधी त्याची साक्ष देतात. पण ज्याचे नाव निमंत्रितांच्या यादीत कधीच आले नसते, त्याला ती पटापर्यंत आणते आणि समोर कितीही मोठे नाव असले तरी दोघांना सारखीच सोळा मोहरी देते.

२८/
अचूकतेसाठी साखळी आणि संधीसाठी बाद फेरी, अशी सांगड आजच्या बुद्धिबळाने घातली आहे. बटुमीतून दिव्या, हम्पी आणि टॅन झोंगयी या तिघी २०२६ च्या आव्हानवीरांच्या स्पर्धेसाठी पात्र ठरल्या. आणि ती स्पर्धा आहे आठ जणींची, साखळी पद्धतीची. १८५१ आणि १८६२ या दोन्ही लंडन स्पर्धांचा वारसा आज एकाच वाटेवर, एकापुढे एक उभा आहे.

धागा समाप्त.