तटस्थाचा हिशेब : पैनगंगेच्या काठावरून

‘तटस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला, असा आहे. साहित्याच्या अभ्यासात आपण तो निवेदकाविषयी वापरतो, समीक्षकाविषयी वापरतो, आणि बहुधा प्रशंसेनेच वापरतो. राजकारणात हाच शब्द आला की तो इतका सरळ राहत नाही. एखाद्या राज्याचा प्रमुख स्वतःला तटस्थ म्हणवतो आणि शेजाऱ्याच्या सैन्यावर, शस्त्रखरेदीवर, त्यापायी होणाऱ्या खर्चावर टीका करतो, तेव्हा त्या टीकेचे मोल कशावरून ठरवावे? हा प्रश्न सहसा युरोपातील लहान राष्ट्रांच्या संदर्भात चर्चिला जातो. त्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही, असे आम्हांस वाटते. परभणी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, म्हणजे पैनगंगेच्या काठावरून, तो अधिक स्पष्ट दिसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज जो भाग हिंगोली जिल्हा म्हणून ओळखला जातो, तो १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत ही सारी परभणीची गावे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, अशी ती सरहद्द होती. ही सरहद्द कशी निर्माण झाली हे पाहिले, तर आपल्या विषयाचे मूळ सापडते. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी कंटिंजेंट फौज ठेवलेली होती, तिचा खर्च हैदराबादच्या तिजोरीला झेपेना. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे सोपवावे लागले. पुढे १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. त्याच कंटिंजेंटची एक छावणी हिंगोलीला होती. म्हणजे पैनगंगेच्या दोन काठांवर दोन अंमल सुरू झाले ते एका लष्करी खर्चाच्या थकलेल्या हिशेबामुळे. ज्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातून हा खर्च भागवायचा होता, त्यांना त्याविषयी कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

जून १९४७ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून कोणत्याही संविधान सभेत सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, १ कोटी ६३ लाख लोकसंख्येचे हे संस्थान. त्याचे स्वतःचे नाणे, स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल होते. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयशी झालेल्या पत्रव्यवहारात निजामाने भारताशी सामीलनामा न करता करार करण्याची तयारी दाखविली, पण एक अट घातली. भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध झाले तर हैदराबाद तटस्थ राहील. हैदराबादच्या राजकारणात ‘तटस्थ’ हा शब्द असा लिखित स्वरूपात अवतरला.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतरचे दहा महिने परस्परांवरील आरोपांचे आहेत, आणि त्या आरोपांच्या केंद्रस्थानी सैन्य व पैसा हेच दोन विषय आहेत. करारानंतर हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. संस्थानातील व्यवहारात भारतीय चलनावर बंधने आणली. सोने-चांदी भारतात नेण्यास मनाई केली. मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर होते, जनरल अल इद्रूस सैन्याचे प्रमुख होते, आणि या अधिकृत सैन्याबरोबर कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेची सशस्त्र दले गावोगाव वाढत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रास्त्रे विमानाने आणून हैदराबादच्या धावपट्ट्यांवर उतरवीत होता. पुढे याच उद्योगाबद्दल इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला २०० पौंड दंड केला.

दिल्लीने मार्च १९४८ मध्ये करारभंगाची यादीच हैदराबादपुढे ठेवली. त्यावर हैदराबादचे म्हणणे असे, की ठरल्याप्रमाणे शस्त्रपुरवठा करण्याचे भारताने टाळले, उलट मालाची नाकेबंदी केली आणि सीमेवर सैन्य जमविले. आपण लहान आणि तटस्थ, शेजारी मोठा आणि शस्त्रसज्ज, अशी ही मांडणी होती. ऑगस्टमध्ये हेच गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत गेले. या तक्रारीत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. माल अडवला जात होता, आणि भारतीय सैन्याची तयारीही चालू होती. तरीही ही टीका टिकत नाही, आणि तिचे कारण शेजाऱ्याच्या वागण्यात शोधण्यापेक्षा टीका करणाऱ्याच्या स्वतःच्या वहीत शोधावे लागते. दोघांच्या भांडणात मी कोणाचाच नाही, असे म्हणणाऱ्याने त्यांपैकी एकाला २० कोटी दिलेले आहेत. शेजाऱ्याच्या बंदुका मोजणाऱ्याने स्वतःच्या बंदुका रात्री उतरवून घेतलेल्या आहेत. आणि या साऱ्या खर्चाला ज्यांची संमती घ्यायची, त्या प्रजेच्या हाती अर्थसंकल्पावर कोणतेही नियंत्रण नाही.

या खर्चाची झळ परभणीसारख्या जिल्ह्याला कशी लागली, हे कागदपत्रांपेक्षा तेथील रोजच्या शब्दांतून कळते. ‘लेव्ही’ हा शब्द महायुद्धाच्या काळात आला आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात कायमचा राहिला. पिकलेल्या धान्याचा ठरावीक हिस्सा सरकारला घालायचा, मग घरात उरो अथवा न उरो. ‘करोडगिरी’ म्हणजे जकात. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात करोडगिरीची नाकी आणि चावड्यांमधील दप्तरे जाळली गेली, ती उगाच नव्हे. लोकांना राज्य दिसत होते ते याच दोन ठिकाणी. अनेक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. पलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कँप उभे राहिले आणि तेथून सशस्त्र तुकड्या अलीकडे येत. जानेवारी १९४८ च्या अखेरीस शेजारच्या नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटण्यात आली, ती लढ्यासाठी पैसा उभा करण्याकरिताच. त्या पैशांचा हिशेब काटेकोरपणे ठेवला गेला, ही गोष्ट मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. आम्हांस ही आठवण महत्त्वाची वाटते. शस्त्रासाठी पैसा उभा करणाऱ्याने लोकांना हिशेब दिला पाहिजे, ही अपेक्षा तिच्यात आहे. संस्थानाच्या सरकारकडून नेमकी हीच अपेक्षा पूर्ण होत नव्हती.

साहित्याच्या वाचकाला येथे बी. रघुनाथ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. परभणी जिल्ह्यातील सातोन्याला १९१३ मध्ये जन्मलेले हे लेखक निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत परभणीत राहिले आणि १९५३ मध्ये तेथेच वारले. १९४६ मधील त्यांच्या कादंबरीचे नाव ‘म्हणे लढाई संपली’ आणि १९४९ मधील कादंबरीचे नाव ‘जगाला कळले पाहिजे’. या दोन शीर्षकांच्या मध्ये हैदराबादचा सारा पेच उभा आहे. पहिल्यातील ‘म्हणे’ हा शब्द ज्याच्यावर युद्ध लादले गेले त्याचा आहे. युद्ध संपल्याची बातमी वरून येते, पण ज्याच्या घरात टंचाई आणि धाक कायम आहे, त्याने ती ‘म्हणे’ लावूनच सांगावी. सरकारी नोकरीत राहून लिहिणाऱ्या माणसाला खऱ्या अर्थाने काठावर उभे राहणे किती अवघड असते, याचा विचार बी. रघुनाथांच्या अभ्यासकांनी अधिक करावयास हवा.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लष्करी कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. येथे विजयी बाजूचाही हिशेब मांडणे भाग आहे. कारवाईच्या वेळी व नंतर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ हजार ते ४० हजार असा दिला, आणि ते प्रामुख्याने मुसलमान होते. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत मराठवाड्यातील उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे आहेत. हा अहवाल लोकांसमोर खुला व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. रझाकारांचे अत्याचार स्मरणात ठेवणाऱ्याने हेही स्मरणात ठेवले पाहिजे, अन्यथा आपणही हैदराबादच्या दरबारासारखी एकाच बाजूची वही लिहू.

आता सहा वर्षे पुढे जाऊ. या वेळी तटस्थ म्हणून ओळखले जाणारे राष्ट्र भारतच होते. पंडित नेहरूंना हा शब्द पसंत नव्हता, कारण त्यात प्रश्नांपासून अंग काढून घेण्याचा ध्वनी आहे. मराठीत पुढे ‘अलिप्तता’ हा शब्द रूढ झाला. फेब्रुवारी १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत जाहीर केली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र पाठवून, भारताने मागितल्यास अशाच मदतीचा सहानुभूतीने विचार होईल, असे कळविले. १ मार्च रोजी लोकसभेत नेहरूंनी या मदतीवर कठोर टीका केली, आणि त्याच भाषणात आपल्या पुढ्यात आलेले ताटही दूर सारले. पाकिस्तानला मिळणाऱ्या मदतीला विरोध करून स्वतः ती घेणे हे ढोंग आणि तत्त्वशून्य संधिसाधूपणा ठरेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. काश्मीरमधील संयुक्त राष्ट्रांच्या अमेरिकन निरीक्षकांना यापुढे तटस्थ मानता येणार नाही, असेही त्यांनी बजावले.

भारताचे सैन्य पाकिस्तानपेक्षा मोठे होते आणि त्यावरील खर्चही अधिक होता. पाकिस्तानी नेते हे उत्तर देत, आणि ते खोटे नव्हते. तरीही नेहरूंच्या टीकेला जे वजन आले ते त्या नकारामुळे. शेजाऱ्याला लावलेली कसोटी त्यांनी स्वतःला लावली होती, आणि ती अशा सभागृहात लावली जेथे संरक्षणाच्या खर्चावर लोकप्रतिनिधींचे मत घ्यावे लागत होते. निजामाच्या तटस्थतेत या दोन्ही गोष्टींचा अभाव होता.

ही कसोटी कायम टिकली, असा दावा आम्ही करणार नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणापुढे नेहरूंना अमेरिकेकडेच शस्त्रे मागावी लागली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्रातून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि देशाचा संरक्षणखर्च दोन वर्षांत दुपटीहून अधिक वाढला. आता आक्षेप घेण्याची पाळी अयूब खान यांची होती, आणि शब्द जवळजवळ १९५४ मधलेच होते. अशा वेळी कोण तटस्थ आणि कोण शस्त्रसज्ज, हे भाषणांवरून ठरविता येत नाही. टीका करणाऱ्याने आपली वही उघडी ठेवली आहे काय, आणि ती तपासण्याचा अधिकार खर्च सोसणाऱ्यांना आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारावे लागतात. १८५३ मध्ये हिंगोलीच्या छावणीचा खर्च सोसणाऱ्याला आणि १९४८ मध्ये लेव्ही भरणाऱ्याला हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाकडे आपण या बाजूनेही पाहावे, आणि त्या काळातील कथा-कादंबऱ्या वाचताना युद्धाचा खर्च कोणाच्या घरातून गेला हे शोधावे, असे आम्हांस वाटते.