तरावडीचे आठ प्रहर आणि संयोगिता

ट्रॉय बुडालं हेलनपायी आणि दिल्ली गेली संयोगितेपायी, असं आपण सहज बोलून जातो. कनोजच्या जयचंदाची ही देखणी लेक. बापाने पृथ्वीराजाचा पुतळा द्वारपाल म्हणून दारात उभा केला, तिने भर स्वयंवरात त्यालाच माळ घातली, आणि खऱ्या पृथ्वीराजाने तिला पळवून नेलं. मग सासरा वैरी झाला, राजा रंगमहालात रमला आणि मुहम्मद घोरीचं फावलं. हे सगळं 'पृथ्वीराज रासो' या काव्यातलं. रणभूमी तराईनची, म्हणजे कर्नाल जिल्ह्यातलं आजचं तरावडी, दिल्ली एनसीआरचं उत्तर टोक. डिसेंबर १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांच्या फौजेची अब्दालीशी गाठ पडली तीही इथेच. पृथ्वीराज आणि घोरी यांच्या ११९२ च्या लढाईचा एकेक प्रहर पाहू.

आदली संध्याकाळ. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, घोरीने निरोप धाडला: मी थोरल्या भावाच्या हुकमाचा ताबेदार, त्याचं उत्तर येईपर्यंत लढाई नको. राजपुतांना ते पटलं. पटणारच, ११९१ मध्ये याच भागात त्यांनी त्याला पिटाळलं होतं.

रात्र. घोरीच्या तळावर शेकोट्या पेटत्या ठेवलेल्या. फौज मात्र अंधारातून दुसऱ्या वाटेने निघालेली. ही हकीकत औफी या लेखकाची.

पहाट. राजपूत छावणीत लोक प्रातर्विधीला गेलेले, आणि हल्ला आला. तरीही त्यांनी फळी उभी केली, हे विसरू नये.

दिवस वर आला. इतिहासकार मिन्हाज म्हणतो, हलक्या घोडेस्वार तिरंदाजांच्या दहा-दहा हजारांच्या तुकड्या चहूबाजूंनी बाण मारत होत्या. हत्ती अंगावर आले की पाठ दाखवायची, अंतर राखायचं, पुन्हा वळायचं. आकडे फुगवलेले असतील, पण डाव स्पष्ट आहे: गाठायचं नाही, दमवायचं. आपल्या गनिमी काव्याची सवय असलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल.

सूर्यास्त. दिवसभर राखून ठेवलेले ताज्या दमाचे बारा हजार स्वार फिरिश्ताच्या सांगण्याप्रमाणे आता सुटले. फळी फुटली. पृथ्वीराज हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, निसटला आणि सरस्वतीच्या परिसरात पकडला गेला.

दिल्लीचा गोविंदराज रणातच पडला. आदल्या वर्षी घोरीच्या भाल्याने त्याचे दोन दात पाडले होते आणि त्यानेही घोरीचा दंड फोडला होता. त्या तुटक्या दातांवरूनच घोरीने त्याचं मुंडकं ओळखलं.

या साऱ्या प्रहरांत संयोगिता कुठेच नाही. मिन्हाजकडे नाही, पंधराव्या शतकातल्या 'हम्मीर महाकाव्या'तही नाही. रासोची आजची मोठी संहिता अभ्यासक सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासची मानतात. ग्रीकांतही स्टेसिकोरस नावाच्या कवीने म्हणून ठेवलंय की ट्रॉयला हेलन गेलीच नव्हती, गेली ती तिची छायामूर्ती. आपल्याकडे ती छाया लढाईनंतर कित्येक पिढ्यांनी रणांगणावर आली, इतकाच फरक. फसवा तह, राखीव स्वार, संथ हत्ती यांचा हिशेब मांडण्यापेक्षा सुनेला बोल लावणं सोपं.

आणि घोरीला बोलावल्याचा आळ ज्याच्यावर, त्या जयचंदाला ११९४ मध्ये चंदावरला त्याच घोरीच्या फौजेने मारलं. इतिहासकार इब्न अल-अथीर लिहितो, त्याचं प्रेतही दातांवरूनच ओळखलं. हलणारे दात त्याने सोन्याने बांधून घेतले होते.