सिंह तोच, हत्ती तेच!

परवा तारोडीहून भाईंदरला जाताना नातू शेजारी बसला होता. अंगात इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा शर्ट, छातीवर तीन सिंह. मला म्हणाला, "आजोबा, हे सिंह उभे आहेत की चालतायत?"

प्रश्न साधा वाटला, तरी तो साधा नाही. युरोपात राजचिन्हांतल्या प्राण्यांच्या प्रत्येक पवित्र्याला ठरलेला शब्द आहे. मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला तो रॅम्पंट. स्कॉटलंडचा सिंह असा. एक पंजा उचलून चालणारा तो पासंट. इंग्लंडचे तिन्ही सिंह चालते, पण तोंड आपल्याकडे वळवलेले. राजा पहिला रिचर्ड याच्या ११९८ च्या सुमाराच्या मुद्रेवर ते असेच दिसतात. गंमत म्हणजे जुन्या काळी अशा तोंड वळवलेल्या चालत्या सिंहाला 'लेपर्ड' म्हणत. पवित्रा बदलला की प्राण्याचं नावही बदलायचं!

आपल्याकडेही राजचिन्हं होती. आपल्या ठाण्याकडचे शिलाहार राजे. त्यांच्या ताम्रपटांवरच्या मुद्रेत गरुड असतो, समोर तोंड करून बसलेला, हात जोडलेला. विष्णूचा सेवक तो, त्यामुळे अर्थ लगेच कळतो.

किल्ल्यांच्या दारांवरच्या शरभाचं मात्र तसं नाही. देह सिंहाचा, पंजांखाली हत्ती. नोकरीत असताना मी वर्गात ठासून सांगायचो, रायगडाच्या नगारखान्यावरचा सिंह म्हणजे महाराज आणि हत्ती म्हणजे शत्रूच्या शाह्या. पुढे एका सहलीत जंजिऱ्याच्या दारापाशी उभं राहून मीच सांगितलं, हा सिंह म्हणजे सिद्दी, ही त्याची दर्पोक्ती. तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, सिंह तोच, हत्ती तेच. मग अर्थ उलटा कसा?"

मी त्याला गप्प बसवलं. मुलं हसली. तो पुन्हा त्या सहलीत काही बोलला नाही.

निवृत्तीनंतर विजापूरला मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. तोफेचं तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह, आणि त्या जबड्यात हत्ती. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली, म्हणजे शिवजन्माच्या ८१ वर्षं आधी. तिथे ना महाराज, ना जंजिऱ्याचा सिद्दी. मग माझ्या दोन्ही गोष्टींचं काय?

हत्तीवर मात करणारा सिंह ही दख्खनची जुनी, सगळ्यांची भाषा होती. निजामशहा असो, सिद्दी असो की मराठे, ज्याचं दार त्याचा सिंह. 'आमच्या बळाला कमी लेखू नका' एवढंच तो सांगतो. समोरचा हत्ती कोण, हे दगडावर कोरलेलं नाही. ती नावं आपण मागाहून चिकटवली, आणि मी ती वर्षानुवर्षं इतिहास म्हणून शिकवली.

त्या मुलाचं बरोबर होतं. आता तो चाळिशीच्या पुढे असेल. हे त्याच्या वाचनात आलं तर एवढंच म्हणेन, बाळा, चूक माझी होती.

असो. नातवाला सांगितलं, "चालतायत रे, आणि चालता चालता तुझ्याकडे बघतायत."

"का?"

या वेळी मी गप्प बसवलं नाही. म्हटलं, "आपण दोघं मिळून शोधू."