थंडीतलं इंजन आणि अब्बांचा अंगठा

"सर, डिझेल हे माणसाचं नाव होतं?"

मराठीच्या तासाला एका मुलीने विचारलं. कोणता शब्द कुठून आला, हा आमच्या वर्गाचा आवडता खेळ. बटाटा पोर्तुगीजांकडून आला, दुकान फारसीतून, असं चाललेलं असताना डिझेल निघालं. हो, माणसाचंच नाव, एवढं सांगून मी पुढे गेलो. पण घरी येईपर्यंत अब्बांचा न वाकणारा अंगठा डोळ्यांपुढे होता.

रूडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ सालचा, पॅरिसमधला, आईवडील जर्मन. त्याच्या इंजनाच्या थोडं आधी इंग्लंडमध्ये अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टची तेलावरची इंजनं निघाली होती. त्यांच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा आधी दिव्याच्या ज्योतीवर तापवावा लागे, मगच ती सुरू होत. डिझेलला हे नको होतं. ठिणगीही नको. हवाच इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि आत सोडलेलं तेल पेटेल. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते, तीच गोष्ट. पेटंट १८९३ चं, आणि नीट काम करणारं इंजन १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात तयार झालं. १९१३ मध्ये हा माणूस इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसा झाला. त्याचं गूढ अजून पुरतं उकललेलं नाही.

आपल्याकडे साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजन बनवलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. पुढे १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यांचं पाच हॉर्सपॉवरचं उभं इंजन खेडोपाडी पोचलं, आमच्या भंडाऱ्यातही. नदीकाठी, बोडीवर, धान भरडायच्या गिरणीत.

अब्बा या इंजनांचे मिस्त्री होते. त्यांना खरी मागणी पावसाळ्यात नव्हे, थंडीत. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायचे ते याच दिवसांत. बांधीत पाणी हवं आणि पहाटे इंजन मुकं. मग दार वाजायचं.

"मिस्तरी, इंजन घेतच नाही जी. लवकर चला."

"येतो भाऊ. चुलीवर पाणी ठेवाले सांगा घरी."

हे पाणी चहासाठी नसे. मी दहा-बारा वर्षांचा असताना टॉर्च धरायला जायचो, म्हणून सगळं पाहिलं आहे. गरम पाणी इंजनाभोवतीच्या पाण्याच्या जागेत ओतायचं. हवेच्या तोंडातून ऑइलचे चार थेंब सोडायचे, म्हणजे रिंगांच्या फटी बुजतात. लिव्हर उचलून झडप उघडी ठेवायची, हँडल फिरवत चाकाला वेग आणायचा आणि वेग आला की लिव्हर सोडायचा. धक्, धक्... आणि मग धूर.

या सगळ्याचं कारण मला बीएडच्या दिवसांत एका विज्ञानाच्या मित्राने हिशेब मांडून दाखवलं. हवा साडेसोळा पट दाबली जाते. ३० अंशांची हवा कागदावर साडेसहाशे अंशांच्या आसपास जाते, ८ अंशांची सहाशेच्या जरा खाली. म्हणजे हवेच्या गारव्याने फार बिघडत नाही! खरी चोरी थंडगार लोखंड करतं, ते उष्णता पिऊन घेतं. त्यात ऑइल घट्ट, म्हणून हँडल हळू फिरतं आणि हळू दाबलेली हवा रिंगांतून निसटते. अब्बांना हा हिशेब येत नव्हता. पाणी कुठे ओतायचं ते येत होतं.

काही जण कापडाचा बोळा डिझेलमध्ये भिजवून पेटवायचे आणि हवेच्या तोंडाशी धरायचे. अब्बा त्यावर चिडत. शेजारी तणसाचा ढीग आणि हातात आग!

आमच्याकडे पारा सात-आठ अंशांवर उतरला तरी लोक शेकोटी सोडत नाहीत. लडाखात तर डिझेलच गोठतं. त्यातलं मेण थंडीने जमून नळ्या तुंबतात. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने तिथे २०१९ मध्ये आणलं.

कारखानदारांची चरित्रं आहेत आणि ती वाचावीत अशीच आहेत. पण ती इंजनं पहाटे पाच वाजता चालू ठेवणारे मिस्त्री, त्यांतले कितीतरी आमच्या मोहल्ल्यांतले, कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. बरेचसे तर लिहायला-वाचायलाही शिकले नव्हते.

अंगठ्याचं राहिलंच. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वळसा घालायचा नाही. इंजनाने उलटी लाथ मारली तर हात सुटून यावा म्हणून. अब्बा हे प्रत्येक शेतकऱ्याला बजावत. एका पहाटे हात इतके बधिर झाले होते की स्वतःच विसरले. इंजन मात्र त्या दिवशी सुरू करूनच घरी आले, अंगठा गमछात बांधून. अम्मीने विचारलं तर म्हणाले, "पऱ्हे वाळत होते."

आता त्या बोडीवर विजेचा पंप आहे. रात्री लाइन आली की शेतकरी उठतो आणि बटण दाबतो. हँडल आमच्या घरी दाराला टेकवून ठेवलेलं आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.